पावशेर मनुका

ख्रिस्ताची मंडळी खडकावर उभी असते. वादळं येवोत, पूर येवोत, राजे तलवारी उपसून येवोत, तिची एक वीट हलत नाही. शिरेगावची आमची मंडळी पावशेर मनुकांनी हलली.

त्या मनुका तेव्हा सुपात होत्या, सूप माझ्या सासूबाईंच्या मांडीवर होतं, आणि पाळकसाहेब ओसरीच्या पायरीशी उभे राहून घसा साफ करत होते. त्यांच्या मागे आमच्या पंचकमिटीचे अध्यक्ष दानिएलराव पाटोळे, काळ्या कोटात. चैत्राचं ऊन आणि वर काळा कोट; माणूस आतून किती थंड असेल याची कल्पना यावी.

उत्तम शुक्रवारची, म्हणजे गुड फ्रायडेची संध्याकाळ होती. दुपारी चर्चमध्ये येशूच्या क्रुसावरच्या सात शब्दांवर सात जण बोलले होते. पहिला शब्द क्षमेचा. तो दानिएलरावांच्या वाट्याला आला होता, आणि क्षमेवर ते इतके बोलले की तहानेच्या शब्दापर्यंत पोचेतो सगळी मंडळीच तहानली होती. उपासना संपली, लगेच पंचांची बैठक झाली, आणि बैठकीतून हे दोघे थेट आमच्या ओसरीवर.

'आमच्या' म्हणजे सासूबाईंच्या. मी मिशनच्या हायस्कुलात मराठी शिकवायचो आणि रविवारी चर्चमध्ये पेटी वाजवायचो. शाळेची खोली मिळेपर्यंत मी आणि माझी बायको सुवार्ता सासूबाईंकडे राहू, असं लग्नात ठरलं होतं. खोली अजून मिळायची आहे. मी निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली.

सासूबाईंचं नाव लोईसबाई रणपिसे. मिशनच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरची विधवा. मंडळीत प्रभुभोजन, म्हणजे ख्रिस्ताच्या आठवणीत सगळ्यांनी घ्यायचा घास आणि घोट, असलं की मेजावरची बेखमीर भाकर आणि द्राक्षारस त्यांच्या घरून जायचा. दारू म्हणजे पाप, ही जुन्या मडमांची शिकवण. त्यामुळे आमचा द्राक्षारस म्हणजे मनुका भिजवायच्या, उकळायच्या, कुस्करायच्या आणि मलमलीतून गाळायच्या. हे काम त्यांना कोणी दिलं, कधी दिलं, कोणालाच आठवत नव्हतं.

"सलाम, लोईसबाई," पाळकसाहेब म्हणाले.

"सलाम. बसा. चहा टाकते."

"नको. उपास आहे आमचा," दानिएलराव म्हणाले आणि खांबाला टेकले. टेकताना कोटाच्या खिशात काडीपेटी खुळखुळली.

दानिएलराव विडी ओढत नसत. तसं त्यांनी मंडळीपुढे उभं राहून जाहीर केलं होतं. फक्त प्रार्थनेला वाकले की काडीपेटी खुळखुळायची, आणि मंडळी डोळे आणखी घट्ट मिटून घ्यायची.

"लोईसबाई," पाळकसाहेबांनी मनुकांकडे बघत सुरुवात केली, "पंचांच्या कानावर एक गोष्ट आली आहे."

"कान हायेत म्हणल्यावर येणारच."

"भागाजीच्या, म्हणजे तुमच्या भावाच्या मयतीनंतरच्या त्या कार्यक्रमाला तुम्ही गेला होतात."

"गेले व्हते."

"तिथं मेणबत्ती लावलीत?" दानिएलरावांनी विचारलं.

"लावली."

"कोणापुढे?"

"भावापुढं."

"तिथं मूर्ती होती."

"भिंत व्हती, भिंतीला फळी व्हती, फळीवर बुद्ध व्हता, बाबासाहेबांची तसबीर व्हती, आन मधी माझ्या भावाचा फोटो व्हता. माझं ध्यान भावाकडं व्हतं. तुम्हाला फळीची काळजी, तर तुमी यायचं व्हतं बघायला."

"हात जोडलेत?"

"सगळे उभे राह्यले, मी उभी राह्यले. त्यांनी हात जोडले, मी जोडले. मग काय खिशात घालू? लुगड्याला खिसा नसतो, दानिएलराव."

हा भागाजी म्हणजे सासूबाईंचा धाकटा भाऊ. त्यांच्या वडलांनी घरादारासकट बाप्तिस्मा घेतला तेव्हा हा आजोळी होता. तो राहिला तो राहिलाच. छप्पन साली वस्तीबरोबर बौद्ध झाला. बहीण ओढ्याच्या अलीकडे मिशनच्या आवारात, भाऊ ओढ्याच्या पलीकडे. नाताळात करंज्या खायला तो यायचा आणि बुद्धपौर्णिमेला खीर खायला ह्या जायच्या. व्यवसायाने गवंडी. आमच्या चर्चची फरशी त्यानेच बसवलेली. महिन्याभरापूर्वी तो गेला. मंडळीतून त्याच्या दारात मी, सुवार्ता आणि सासूबाई सोडून कोणी गेलं नाही.

"मंडळीच्या शिस्तीचा प्रश्न आहे," दानिएलराव म्हणाले. "तीन महिने तुम्हाला प्रभुभोजनाला मनाई. उपासनेला यायचं, शेवटच्या बाकावर बसायचं. उद्याच्या तयारीच्या सभेत उभं राहून मंडळीची क्षमा मागितलीत, तर पंच पुन्हा विचार करतील."

सासूबाईंची बोटं सुपात थांबली. देठ खुडणारी ती बोटं मी कधी थांबलेली पाहिली नव्हती.

"ईस्टरला बी नाही?" त्यांनी विचारलं. हा आवाज मला अनोळखी होता.

"नाही."

"सुवार्ताचा बाप गेला, त्याच्या तिसऱ्या दिवशी ईस्टर व्हता. तवा बी मी मेजाला आले व्हते, पाळकसाहेब."

"आठवतं मला," पाळकसाहेब अगदी हळू म्हणाले. त्यांचं पूर्ण नाव रेव्हरंड भास्कर काळोखे. नावाचं आणि आडनावाचं आयुष्यभर पटलं नाही, आणि त्यांचा कोणताही निर्णय त्या भांडणातून सुखरूप बाहेर आला नाही.

दोघे निघाले. फाटकापाशी दानिएलराव वळले.

"बाकी, ह्या मनुका उद्याला भिजत घालाल ना? ईस्टरला पुण्या-मुंबईची मंडळी येते. जरा सढळ हाताने करा. आणि भाकरीही दोन जास्त टाका."

मी एवढा वेळ दाराआड होतो, कारण जावयाने पंचांच्या कामात पडू नये अशी सुवार्ताची ताकीद होती. आता मी अंगणात होतो आणि सुवार्ताच्या हातात माझ्या सदऱ्याची फक्त मागची बाजू होती.

"दानिएलराव! जिला खायला मनाई, तिनंच करायचं?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर राग नव्हता, लाज तर नव्हतीच. प्रामाणिक गोंधळ होता.

"करायला कुठे मनाई आहे, सर? पंचांचा ठराव घेण्याविषयी आहे. करण्याचा विषय निघालाच नाही."

ते खोटं बोलत नव्हते, हेच भयंकर होतं. विषय खरोखरच निघाला नव्हता. एवढे पंच, सगळे बायबल पाठ असलेले, आणि त्यातल्या एकाच्याही डोक्यात आलं नाही की मेजावरची भाकर कोणीतरी भाजते. भाकर लोईसबाईंकडून यायची, जसं विहिरीतून पाणी यायचं. विहिरीला वाळीत टाकताना पोहरा आत सोडायचा की नाही, हा विचार कोण करतो?

"घालते भिजत," सासूबाई मागून म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी तयारीची सभा होती. प्रभुभोजनाच्या आदल्या दिवशी ती भरते; मनात कोणाविषयी अढी असेल तर लोक उठून एकमेकांची क्षमा मागतात. एकाने शेजाऱ्याच्या मेथीत आपली शेळी गेल्याबद्दल माफी मागितली. दुसऱ्याने त्याला क्षमा केली आणि शेळी पुन्हा आली तर तंगडी मोडीन, असं जोडलं. आमेन झालं. सासूबाई सभेला गेल्या नाहीत. त्या चुलीपाशी होत्या.

मी सभेतून तणतणत परत आलो.

"आई, उतरवा ते पातेलं. ओतून द्या."

"अन्न ओतू नाही, जावई."

"मग मी ओततो! तुम्हाला राग कसा येत नाही? त्यांनी तुमच्या तोंडातला घास काढला आणि वर म्हणतात सढळ हाताने करा. आपण नगरच्या मंडळीत नाव घालू. रविवारी एस.टी.ने जाऊ."

"आन तिथं दानिएलराव नसतील?"

"दुसरा कोणी असेल."

"मग एस.टी.चा धक्का कशापायी खायचा? ह्याला निदान मी वळखते." त्यांनी मनुका ताटात काढल्या आणि कुस्करायला बसल्या. ओठ हलत होते. प्रार्थना चालली असेल म्हणून मी गप्प बसलो. गप्प बसलो म्हणजे पडवीत जाऊन भिंतीवर बुक्की मारली. भिंतीला काही झालं नाही.

"येडे हायेत जरा," त्या आत सुवार्ताला म्हणाल्या. "पर चांगले हायेत."

ईस्टरच्या सकाळी चर्च गच्च भरलं होतं. मुंबईची मंडळी, पुण्याची मंडळी, पोरींच्या केसांत मोगरा, पुरुषांच्या सदऱ्यांना कडक इस्त्री. सासूबाई उपासना सुरू व्हायच्या जरा आधी आल्या. भाकर ताटात ठेवली, रसाची सुरई ठेवली, त्यावर क्रुसाचं भरतकाम केलेलं पांढरं कापड घातलं आणि चालत चालत शेवटच्या बाकापर्यंत गेल्या. वाटेत चार-दोन बायकांनी आपापल्या लुगड्याचे काठ तपासायला घेतले. सगळ्यांना सगळं ठाऊक होतं.

मी पेटीवर होतो. कालपासून मनात एक भाषण जुळवलं होतं. जळजळीत. पेटी बंद करायची, मेजापुढे उभं राहायचं आणि एकेकाचं काढायचं. पुनरुत्थानाचं गीत मी त्या दिवशी असं वाजवलं की थडग्यावरचा दगड बाजूला सरकायच्या ऐवजी फुटला असता.

मग पाळकसाहेब मेजापाशी आले आणि नेहमीचं वाक्य म्हणाले, "ज्यांचा बंधुभगिनींशी समेट आहे त्यांनी जवळ यावं. कोणाच्या मनात कोणाविषयी राग असेल, तर त्यांनी आत्ताच बोलावं."

हे वाक्य म्हणायचं असतं. म्हणून झालं की शिंक येण्याइतकी शांतता ठेवायची असते आणि पुढे जायचं असतं. माझ्या हयातीत त्या शांततेत कोणी शिंकलंसुद्धा नव्हतं.

शेवटचं बाक करकरलं.

"माझ्या मनात हाये, पाळकसाहेब."

सगळं चर्च वळलं. सासूबाई उभ्या होत्या, दोन्ही हात पुढच्या बाकावर.

"लोईसबाई," पाळकसाहेब म्हणाले, "आपला विषय आपण उपासनेनंतर..."

"तुमी आत्ता विचारलं, म्हून आत्ता सांगते."

दानिएलराव पहिल्या रांगेतून उठले. "बाई, तुम्हाला मेजाला मनाई आहे. हा प्रश्न तुम्हाला लागू नाही!"

"खायला मनाई हाये. करायला नव्हती. ती भाकर माझ्या हातची हाये, रस माझ्या हातचा हाये. आन करताना माझ्या पोटात नुसता इस्तव व्हता." त्यांचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "मनुका मी कुस्करल्या नाहीत, दानिएलराव. तुमच्या एकेकाचं नाव घेऊन चिरडल्या. तुमचं तर दोनदा घेतलं. असला रस प्यायचा असंल तर प्या. मला काय त्याचं. पाळकसाहेबांनी विचारलं, मी सांगितलं."

म्हणजे काल ओठ हलत होते ते त्यासाठी.

पाळकसाहेबांनी सुरईवर धरलेला हात हळूच मागे घेतला, जणू ती तापलेली होती. पुढच्या रांगेतले पंच कापडाकडे बघत होते. आतल्या रसात आपलं नाव किती बारीक कुस्करलं असेल, याचा अंदाज घेत असावेत.

"सरबत आणा कुठूनतरी," दानिएलराव म्हणाले.

"सरबतानं भागतं व्हय?" ह्या त्यांच्याच पत्नी, मिलकाबाई.

"वचनात आहे खरं," पाळकसाहेब स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले. "दान वेदीपाशी ठेवावं. आधी जाऊन समेट करावा. मग येऊन..."

"मग करून टाका ना समेट," मुंबईचा एक पाहुणा घड्याळ बघत म्हणाला. "आमची दुपारची गाडी आहे."

दानिएलरावांनी कोट ओढून सरळ केला. "ठीक आहे. लोईसबाई, मंडळीच्या वतीने मी तुम्हाला क्षमा करतो. झालं?"

तेव्हा त्या पेटल्या.

"तुमी? मला? माझा भाऊ मेला तवा ह्या मंडळीतलं कुत्रं आलं नाही त्याच्या दारात! ज्या फरशीवर तुमी गुडघं टेकता ना, ती त्यानं बसवली. उन्हाळाभर वाकून बसवली. तुमच्यातल्या निम्म्यांच्या न्हाण्या त्यानं बांधल्या. त्याला पोचवायला तुमाला ओढा आडवा आला? गुडघाभर पाणी नाही त्या ओढ्याला. आन मी रडले, त्याच्या म्होरं एक मेणबत्ती लावली, तर तुमी ती मेणबत्ती मोजायला येता? माझा देव एवढा लहान नाही, दानिएलराव, की माझ्या भावाच्या मेणबत्तीनं त्याचे डोळे दिपतील."

माझं भाषण माझ्या घशातच होतं. त्याची गरज उरली नव्हती, आणि खरं सांगायचं तर त्यात विशेषणं फार होती.

"मला तुमची माफी नको," त्या म्हणाल्या. "मला देऊ बी नका काही, मी इथं मागं बसते. पर मयताच्या घरी माणसं जातात. बसतात, घोटभर पाणी पितात, काय झालं व्हतं म्हून इचारतात. एवढं करा. मग या आन जेवा. तवर ते झाकून ठेवा, मांजर फिरतं."

आणि त्या बाहेर पडल्या. चपला घातल्या आणि ओढ्याच्या वाटेला लागल्या. मी पेटीचा भाता लावला आणि मागोमाग निघालो. सुवार्ता निघाली. मागून कोणी येईल असं मला वाटलं नव्हतं.

पहिल्या उठल्या मिलकाबाई. "चला हो," त्या नवऱ्याला म्हणाल्या.

"अगं पण पंचांचा ठराव..."

"ठराव घेऊन चला. ऊन लागलं तर डोक्यावर धरा."

मग बायका उठल्या. बायका उठल्यावर पुरुषांना घरी परतल्यानंतरचे दिवस आठवले. बरेच उठले. सगळे नाही. काही पंच मेजाची राखण करायला म्हणून बसून राहिले, आणि त्यांनी पुढे आमच्याविरुद्ध वरपर्यंत तक्रार केली. ती वर पोचली असावी, कारण खाली काहीच आलं नाही.

इस्त्रीचे सदरे आणि मोगऱ्याचे गजरे ओढ्यात उतरले. वस्तीवर गडबड उडाली. एवढी ख्रिस्ती मंडळी सणाचे कपडे घालून एकदम आलेली पाहून लोकांना वाटलं, एक तर भांडायला आले किंवा बाप्तिस्मा द्यायला. एका म्हाताऱ्याने आपली कोंबडी उचलून घरात नेली.

भागाजीची सून शेवंता दारात आली. तिचा नवरा कारखान्यावर पाळीला गेलेला. तिने सासूबाईंकडे पाहिलं, त्यांच्यामागच्या रांगेकडे पाहिलं.

"आत्याबाई, काय झालं?"

"काही नाही. भेटायला आलेत," सासूबाई म्हणाल्या. "उशीर झाला त्यांना."

खोली लहान. सतरंजी पसरली तिच्यावर बायका मावल्या, बाकीचे दारात, बाकीचे अंगणात. खुर्ची एकच, लोखंडी, भिंतीच्या फळीजवळ. ती अध्यक्षांना मिळाली, कारण सगळीकडे तीच पद्धत आहे. दानिएलराव बसले तर त्यांच्या खांद्यापाशी फळी आली. तिच्यावर बुद्ध, बाबासाहेबांची तसबीर, मधे भागाजीचा फोटो, आणि पुढे बशीत मेणबत्ती. त्यांनी मान दुसऱ्या बाजूला वळवली ती तशीच ठेवली.

प्रार्थना करावी की नाही, ह्यावर पाळकसाहेबांमधले भास्कर आणि काळोखे भांडत असावेत. माझा राग जरा खाली बसेल असं मला वाटलं होतं. बसला नाही. ही वाट इतकी जवळची होती! एवढं अंतर चालायला ह्या लोकांना महिना लागला, आणि तोही घास तोंडाशी अडला म्हणून. तो राग अजून आहे. मी त्याला सांभाळून ठेवलाय, म्हातारपणी उपयोगी पडतो.

शेवटी मिलकाबाईंनी विचारलं, "लई दिवस आजारी व्हते का गं, बाई?"

आणि शेवंता रडायला लागली. मग सगळं नीट झालं. म्हणजे जसं मयताच्या घरी व्हायला पाहिजे तसं. बायका तिच्याजवळ सरकल्या. अंगणातल्या एकाने भागाजीने बांधलेल्या आपल्या न्हाणीचं कौतुक केलं, दुसऱ्याने आपलीही तशीच असल्याचं सांगितलं. पाळकसाहेबांनी डोळे पुसले. मुंबईच्या पाहुण्याने घड्याळ बघायचं सोडलं. सासूबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या, कोणाकडेच न बघता.

शेवंताने चहा ठेवला. कप थोडे, माणसं फार. एकाने प्यायचं, विसळायचं, पुढे द्यायचं. दानिएलराव वाट बघत बसले. त्यांच्या वाट्याला कप आलाच नाही, बशी आली. ती त्यांनी दोन्ही हातांनी धरून फुरका मारला. उपास सुटला होता.

एवढ्यात ओढ्याकडून वारा आला. दार आपटलं, आणि फळीवरची मेणबत्ती विझली.

शेवंता चहाची किटली आणि विसळलेले कप घेऊन सतरंजीच्या पलीकडे अडकली होती. तिने फळीकडे पाहिलं, मग फळीला सगळ्यात जवळ बसलेल्या माणसाकडे पाहिलं. त्याच वेळी दानिएलराव बशी खाली ठेवायला वाकले, आणि कोटाच्या खिशात काडीपेटी खुळखुळली.

"बाबा," शेवंता म्हणाली, "माझे हात गुतलेत. तुमच्यापाशी काडीपेटी हायेच, तर तेवढी मेणबत्ती लावता का?"